आमच्या कापसाची गाठ कुठं सुटते? विधानमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात जमता तेव्हा आमच्याकडे कापसाचा दुसरा वेचा चालू असतो. तुमच्याकडे मोर्चे येतात, यशवंत स्टेडियमवर पेंडॉल पडतात आणि शेवटच्या आठवड्यात विदर्भ-मराठवाड्याच्या प्रश्नांवर चर्चा होते. त्या चर्चेत ‘अनुशेष’ (म्हणजे मागं राहिलेल्या भागाच्या विकासाची थकबाकी) हा शब्द किती वेळा येतो ते मोजायचा नाद मला एके काळी होता. जिनिंगच्या ऑफिसात रेडिओ होता, पुढं टीव्ही आला. वहीच्या मागच्या पानावर मी रेघा मारत बसायचो. नंतर ते सोडलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं हिशेब लिहिला. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. मला येतो तो आवक-जावकीचा हिशेब, आणि त्याच हिशेबाबद्दल हे पत्र आहे.

आमचा हिशेब असा असतो. बंडी किंवा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, ग्रेडर ओंजळभर कापूस उचलून धागा ओढून पाहतो, भाव ठरतो, गंजी लागते. एक क्विंटल कापूस रेच्यातून (सरकी काढायच्या यंत्रातून) गेला की साधारण चौतीस किलो रुई निघते, त्रेसष्ट-चौसष्ट किलो सरकी, बाकीची घट. रुईची गाठ 170 किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापूस आत आला की एक गाठ तयार. तिला पट्ट्या आवळायच्या, लॉट नंबर टाकायचा आणि ट्रकमध्ये चढवायची. ट्रकचा नंबर मी वहीत लिहायचो. कधी गुजरातचा असायचा, फार वेळा तमिळनाडूचा. कोइम्बतूरचे ड्रायव्हर इतक्या वेळा आले की त्यांना आमच्या खानावळीतलं झुणका-भाकर हिंदी न येताही मागता यायचं.

माझ्या वहीत गाठ तिथं संपायची. तिचं पुढचं आयुष्य मी निवृत्तीनंतर पाहिलं. मुलगा तिरुपूरजवळ नोकरीला लागला, त्याच्याकडे गेलो होतो. तिथं गाठीच्या पट्ट्या कापतात, रुई पिंजतात, सूत काढतात, कापड विणतात, रंगवतात, शिवतात, इस्त्री करून पिशवीत घालतात. एका गाठीतून, घट धरूनही, पाचशेच्या वर शर्ट निघावेत. पाचशे शर्टांची शिलाई, बटणं, काजं, रंग, खोकी, ट्रान्सपोर्ट, दुकानदाराचा नफा यातलं जे काही मिळतं ते गाठ जिथं सुटते तिथल्यांना मिळतं. आम्हाला मिळते ती गाठ बांधण्याची मजुरी. माझा मुलगाही गाठीमागोमाग तिकडंच गेला, हे मला तिथं त्याच्या खोलीत बसल्यावर लक्षात आलं.

आता आपल्या हिशेबाकडे वळतो.

1984 साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनं सांगितलं की राज्यात एकूण 3,186.78 कोटी रुपयांचा अनुशेष आहे. त्यातला विदर्भाचा वाटा 39.12 टक्के, मराठवाड्याचा 23.56 टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा 37.32 टक्के होता. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशी नऊ क्षेत्रं घेतली होती. राज्याच्या सरासरीहून जिल्हा जितका खाली तितका त्याचा अनुशेष, ही पद्धत. मोठं काम होतं ते. त्याआधी नुसता आरडाओरडा होता, दांडेकरांनी आकडा हाती दिला. पुढं निर्देशांक व अनुशेष समितीनं 1994 ची स्थिती धरून पुन्हा मोजलं, तर आकडा 14,006.77 कोटींवर गेला आणि त्यात विदर्भाचा वाटा 47.29 टक्के झाला. दहा वर्षं भरून काढल्यावर खड्डा मोठा झाला. रुपयाची किंमत घटली, सरासरी पुढं सरकली, मोजायची क्षेत्रं आणि रीत बदलली, ही कारणं मला ठाऊक आहेत. पण काट्यावरच्या माणसाला अशा वेळी पहिली शंका काट्याची येते.

माझी शंका साधी आहे. अनुशेष मोजताना सरकारनं जिल्ह्यात काय टाकलं एवढंच मोजलं. जिल्ह्यातून काय गेलं, कुठल्या रूपात गेलं आणि कुठं जाऊन महाग झालं, हे एकाही रकान्यात नाही. जमेची बाजू लिहून नावे बाजू कोरी सोडणारा मुनीम आमच्या शेटजींनी आठवडाभरही ठेवला नसता.

हे जाणं कालचं नाही. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं ते कागदावर फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, पण डोळा कापसावर होता. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरचा कापूस अडला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला. घाट फोडून रेल्वे वर आली, 1867 ला नागपूरला पोचली. 1870 साली खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावच्या चिमुकल्या रेल्वेला व्हाइसरॉय कशाला येतो? त्या गावात कापसाचा बाजार होता म्हणून. आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद रेल्वे, 1903 ची. तिच्यात बसून मी मामाच्या गावी गेलो आहे, तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण नकाशा काढून पाहा : खामगाव असो, अमरावती असो की यवतमाळ, प्रत्येक फाटा मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनला जाऊन मिळतो. यवतमाळहून नांदेडला जायला रेल्वे नव्हती, कारण यवतमाळच्या कापसाला नांदेडला काही काम नव्हतं.

मराठवाड्याची तऱ्हा निराळी, निष्पत्ती तीच. तिथली रेल्वे निजामाची, मीटर गेज, हैदराबादकडे तोंड करून बसलेली. मनमाडला रूळ बदलायचे, म्हणजे एका वाघिणीतला माल उतरवून दुसरीत भरायचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, पण मनमाडची ही उतरव-भरव 1990 च्या दशकापर्यंत चालली. त्या रुंद रुळासाठी गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी आयुष्य घातलं. बीड शहराला नगरकडून रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्या मार्गाला मंजुरी 1995 सालची. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर एव्हाना पुण्याच्या कंपनीत कंत्राटावर लागून दमलेलं असेल.

या सगळ्यात एक अपवाद झाला. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईत गिरण्यांची रांग लागलेली असताना हा माणूस नागपूरला आला, कारण कापूस इथं, कोळसा वरोऱ्याला आणि गिऱ्हाईकही हाताशी. दलदलीची जागा घेतली म्हणून एका सावकारानं ‘सोनं मातीत घालतोय’ म्हणून पैसे द्यायचं नाकारलं, अशी गोष्ट सांगतात. पुढं त्यालाच मातीतून निघालेलं सोनं पाहावं लागलं. शंभरावर वर्षं त्या गिरणीनं गाठ नागपुरातच सोडली. आज तिच्या जागेवर मॉल आहे, तिथं तिरुपूरचे टी-शर्ट मिळतात.

इथं कुणीतरी म्हणेल, पश्चिम महाराष्ट्रानं साखर कारखाने काढले, तुम्हाला कुणी अडवलं होतं? रास्त सवाल आहे, आणि त्यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. धरणं, पाटपाणी, पुढारी, कर्ज ही कारणं सगळे सांगतात. ती खरी आहेत. पण ऊस आणि कापूस यांच्या जातीतच एक फरक आहे. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासानं उतरते. त्याला दोन दिवसांत गाळावं लागतं, म्हणून कारखाना शेताजवळच पाहिजे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभं केलं त्याला उसाच्या या घाईचीही साथ होती. कारखाना आला की मागोमाग बँक, दवाखाना, इंजिनियरिंग कॉलेज आलं. कापसाला घाई नाही. गाठ बांधली की ती वर्षभर गोदामात राहील नाहीतर हजार किलोमीटर जाईल, बिघडत नाही. जे टिकतं ते दूर जातं. आमच्या पिकाचा गुणच आमच्या मुळावर आला असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण वहीत तसंच दिसतं.

तेव्हा उसाला जे आपोआप मिळालं ते कापसाला धोरण म्हणून द्यायला हवं होतं. दिलं काय? 1972 पासून एकाधिकार खरेदी. भावाची हमी मिळाली, त्याबद्दल कास्तकारांनी दुवाच दिला. पण सरकार एकटं व्यापारी झालं, चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) महिनोन्महिने अडकले आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री बंड्या आदिलाबादकडे वळायच्या. माझ्या डोळ्यांसमोरून वळल्या आहेत. सूतगिरण्यांचंही ऐका. सहकारी सूतगिरणीचा बोर्ड लागला की आम्ही पेढे वाटायचो. पुढं सरकारी हमीवर कर्ज यायचं, चेअरमनची गाडी यायची, आणि एक दिवस सूत काढायच्या चात्याच थांबायच्या. हा दोष मुंबईचा नाही. आपल्यातल्या काहींचा आहे, आणि त्यातले काही या पत्राचे वाचकही असू शकतात.

‘आमचा मुख्यमंत्री नव्हता’ हेही म्हणायची सोय नाही. कन्नमवार चंद्रपूरचे. वसंतराव नाईक आमच्या पुसदचे, 1963 ते 1975 सलग मुख्यमंत्री. सुधाकरराव पुसदचेच. शंकरराव चव्हाण नांदेडचे, विलासराव लातूरचे, फडणवीस नागपूरचे. खुर्ची इकडं होती तेव्हाही गाठ तिकडंच गेली.

कापसाचं झालं, विजेचं पाहू. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. कोळसा चंद्रपूरचा, पाणी इरईचं, राख आणि उन्हाळ्यातली धग चंद्रपूरकरांची. तिथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाबाची सरळ तार 1999 साली सुरू झाली. दीड हजार मेगावॅट वीज वाटेत कुठं न उतरता पश्चिमेला पोचते. अभियांत्रिकी म्हणून ती तार अफलातून आहे, मला तिचं कौतुक आहे. शकुंतला जे करायची तेच ती करते, फक्त धूर न काढता.

आणि इथं आकड्यांची एक गंमत आहे, ती आपण नीट पाहावी असं मला वाटतं. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न छापतात. वर मुंबई, ठाणे, पुणे. खाली नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा. वर्षं बदलतात, खालच्या नावांची थोडी अदलाबदल होते, एवढंच. पण हे उत्पन्न मोजतात ते जिथं निर्माण झालं तिथं. चंद्रपूरच्या वीज केंद्रात आणि खाणीत निर्माण झालेलं सगळं उत्पन्न चंद्रपूरच्या नावावर चढतं, नफा कुठल्याही शहरातल्या खात्यात जमा होवो. म्हणजे चंद्रपूर आहे त्याहून कागदावर श्रीमंत दिसतं. शिवाय कितीतरी क्षेत्रांचं जिल्ह्याचं उत्पन्न थेट मोजलेलंच नसतं. राज्याचा आकडा घेऊन कामगारसंख्या वगैरेच्या प्रमाणात तो जिल्ह्यांना वाटून देतात. माझ्या मुलानं तिरुपूरहून पाठवलेली मनीऑर्डर (आता फोनवरून येते, पण मी मनीऑर्डरच म्हणतो) यवतमाळच्या या उत्पन्नात मोजली जात नाही. ज्या हिशेबात गेलेला नफा दिसत नाही आणि आलेली कमाईही दिसत नाही, त्यावर आपण निधीचं वाटप ठरवता.

उद्योग पसरवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एमआयडीसी 1962 ची, सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 ची. मुंबई-पुण्यापासून लांब या, सवलत घ्या. कारखाने लांब आले, पण एक ढांग टाकून : नाशिक, आणि पुढं 1980 च्या दशकात वाळूज. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूजनं उभं केलं हे मान्यच आहे. त्यापलीकडं सवलतीचा कारखाना बहुधा सवलतीइतकाच टिकला. याच्या उलट जालना पाहा. बियाणं आणि लोखंडी सळया या दोन धंद्यांत त्या गावानं नाव काढलं, स्थानिक व्यापाऱ्यांच्या पैशावर आणि अकलेवर. इचलकरंजीचं तर नवलच. आसपास कापसाचं शेत नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खडाखडा माग चालू आहेत. संस्थानिकांनी पहिल्या मागवाल्याला हात दिला, त्याचं पाहून दुसऱ्यानं माग घातला, मग दुरुस्तीवाला आला, सूत उधार देणारा आला. धंद्याचं घरटं असं काडीकाडीनं होतं. ते एकदा झालं की कापूस पाचशे किलोमीटरवरून येतो. आमच्याकडे कापूस आहे, घरटं नाही.

मुंबई-पुण्याच्या सदस्यांनी हे वाचताना कपाळाला आठ्या घालू नयेत. देशाच्या पातळीवर हाच खेळ झाला तेव्हा आपण सगळे महाराष्ट्रवाले फायद्यात होतो. 1950 च्या दशकापासून 1990 च्या सुरुवातीपर्यंत मालभाडे समानीकरणाचं धोरण होतं. जमशेदपूरचं पोलाद मुंबईत त्याच भावात मिळायचं. कोळसा-लोखंडाच्या खाणी असलेल्या तेव्हाच्या बिहारला त्याच्या खाणींचा जो फायदा मिळायला हवा होता, तो धोरणानं काढून घेतला. आमच्या कापसाला मात्र मुंबईच्या गिरणीत आणि नागपूरच्या गिरणीत एक भाव करायचं कुणाच्या मनात आलं नाही. बिहारी माणूस लोकलमध्ये दिसला की काहींना राग येतो. त्यानं आपल्या गावाहून निघताना आणलेला हिशेब कधीतरी विचारून पाहा.

आता जे फक्त आपल्यालाच कळेल असं. विदर्भातून पूर्वी 66 आमदार निवडून यायचे. 2001 च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2009 पासून 62 येतात. त्याच फेररचनेत एकट्या ठाणे जिल्ह्याच्या जागा 13 वरून 24 झाल्या. गाठीमागं पोरं गेली, पोरांमागं मतं गेली, मतांमागं जागा गेल्या. पुढची फेररचना होईल तेव्हा आमच्या बाजूनं हात वर करणारे आणखी किती कमी असतील याचा अंदाज आपणच बांधा. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारावर भरवसा ठेवून वऱ्हाड-नागपूर या राज्यात आलं. नागपूरच्या अधिवेशनाची प्रथा त्यातूनच आली. राज्यघटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 साली प्रत्येक विभागाच्या विकासावर लक्ष ठेवणारी विकास मंडळं आली. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली तेव्हा सगळा देश टाळेबंदीत घरात होता. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळानं ती पुन्हा आणायचं ठरवलं. समतोल प्रादेशिक विकासावरच्या केळकर समितीचा अहवाल 2013 चा, सभागृहात ठेवला गेला डिसेंबर 2014 मध्ये. मंडळं असोत, समित्या असोत, मला त्यांच्यात खोट काढायची नाही. त्यांच्या हाती वहीच अर्धी दिलेली आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथल्या पीएम मित्रा पार्कची पायाभरणी वर्ध्यातून झाली. एक हजार एकर, सूत ते शिलाई सगळं एका आवारात. मला आनंद आहे, खरंच आहे. पण पायाभरणीच्या बातम्या मी फार कात्रून ठेवल्या आहेत. म्हणून या वेळी निधी मागत नाही, पॅकेज मागत नाही. एक तारांकित प्रश्न मागतो, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो. आपल्यापैकी कुणी तो आपल्या नावानं टाकला तरी माझी हरकत नाही. मसुदा मी केला आहे, भाषा आपल्या कार्यालयानं सुधारून घ्यावी :

‘विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील प्रत्येक जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत दर हंगामात किती गाठी बांधल्या गेल्या, त्यापैकी किती गाठींचं सूत त्याच जिल्ह्यात, किती गाठींचं राज्यात आणि किती गाठींचं राज्याबाहेर निघालं, तसंच प्रत्येक जिल्ह्यात किती वीज निर्माण झाली व तिथंच किती वापरली गेली, ही माहिती शासन संकलित करते काय, करत असल्यास ती आर्थिक पाहणीत जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी दरवर्षी छापण्यात येईल काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’

शेवटचं वाक्य आपल्याच छापील नमुन्यातलं आहे, मी बदललेलं नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं तर तेही चालेल. आमच्या जुन्या जिनिंगच्या माळ्यावर एकतीस वर्षांच्या जावक वह्या पडल्या आहेत, ट्रकच्या नंबरांसकट. वाळवी लागायच्या आत कुणी न्यायला आलं तर मी स्वतः उतरवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सेवानिवृत्त जिनिंग मुनीम
जि. यवतमाळ